पीसी की पीएस५? आधी रात्रीचे साडेदहा कोणाचे ते बघा

एका मैत्रिणीचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. वय २९, लग्नाला तीन वर्षं झालीत, भांडुपला जुन्या सोसायटीत वन बीएचके, घरात ती, नवरा आणि सासूबाई. दोघांनी मिळून एक लाख बाजूला काढलेत, त्यातले साठ हजार नवऱ्याच्या बोनसचे. नवऱ्याला पीएस५ हवाय, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम खेळायचा कन्सोल, हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीला लावून मित्रांबरोबर ऑनलाइन फुटबॉल खेळायचाय, आणि "आपण दोघंही खेळू की" असं तो म्हणतो. हिला पीसी हवाय, कारण कॉलेजच्या तीन मैत्रिणी रोज रात्री साडेदहाला व्हॅलोरंट हा टीम करून खेळायचा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळायला जमतात आणि ही जुन्या लॅपटॉपवर अडकत अडकत त्यांच्यात खेळते. घरी तिने सांगितलंय की पीसी कामाला पण येईल. ती खेळते हे सासूबाईंना माहीतच नाही, हेडफोन घातला की त्यांना वाटतं ऑफिसचा कॉल चालू आहे. दोन आठवडे यावरून धुसफूस चालू आहे. ती विचारते, "ताई, गेमिंगसाठी खरं चांगलं काय, पीसी की कन्सोल? तुम्ही एकदा सांगितलंत की विषय संपेल. आणि पैसे त्याचे जास्त आहेत, मग मीच सोडून देऊ का?"

अगं, मी एक नाव घेतलं म्हणून विषय संपणार नाही. मी पीसी म्हटलं तर त्याला वाटणार तू बाहेरून माणूस आणलंस, आणि पीएस५ म्हटलं तर तू गप्प बसशील नि परत त्याच लॅपटॉपवर खेळत राहशील. तुझ्या पत्रात मशीनबद्दल चार ओळी आहेत आणि घरात कोण कधी कुठे बसतं याबद्दल जवळजवळ दोन पानं, आणि ती दोन पानं वाचतानाच मला वाटलं की उत्तर यातच आहे.

तूच लिहिलेलं तुला परत वाचून दाखवते. संध्याकाळी सात ते साडेदहा टीव्ही सासूबाईंचा, मालिका लागतात. नवरा सकाळी साडेसहाच्या आसपास गाडी पकडायला निघतो म्हणजे अकराला त्याला झोपायलाच लागतं. मग सोमवार ते शुक्रवार हा पीएस५ लागणार कधी? साडेदहा ते अकरा, तेही सासूबाई हॉलमध्येच झोपत असतील तर तेवढंही नाही. हा हिशोब त्याने केलेला नाही असं मला वाटतं, त्याच्या डोळ्यासमोर शनिवारची रात्र, मोठा स्क्रीन नि मित्र आहेत, आणि त्यात काही चूक नाहीये, पण आठवड्याचे बाकीचे पाच दिवस पन्नास-पंचावन्न हजारांची वस्तू टीव्हीखाली नुसती बसून राहणार. आज रात्री त्याच्याशी बोलताना कुठलं मशीन भारी हा विषयच काढू नकोस. एक कागद घे, सात दिवस लिही, आणि दोघांनी आपापले खरे तास भरा. मागच्या आठवड्यात जे तास खरंच मोकळे होते तेच लिहा, पुढच्या महिन्यात मिळतील असं वाटतं ते नको.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही दोघांनीही धरूनच चाललाय. कन्सोल म्हणजे टीव्ही आणि पीसी म्हणजे टेबल. असं काही नाहीये. पीएस५ ला एचडीएमआय लागते बस, तो मॉनिटरला पण लागतो, मॉनिटरला स्पीकर नसेल तर हेडफोनची पिन थेट कंट्रोलरमध्ये घालायची. रिमोट प्ले नावाची सोय आहे, त्यात पीएस५ हॉलमध्ये चालू ठेवून तुम्ही बेडरूममध्ये फोनवर किंवा लॅपटॉपवर खेळू शकता, घरातलं वायफाय चांगलं असेल तर बऱ्यापैकी चालतं, फास्ट गेमला मात्र जरा मागे पडल्यासारखं वाटतं. आणि उलटं पण होतं, पीसी टीव्हीला लावता येतो, हातात कंट्रोलर घेऊन सोफ्यावर बसून खेळता येतो, पीएस५ चाच कंट्रोलर पीसीला पण चालतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड तेवढा चालू करायचा, नाहीतर बटण दाबल्यावर क्षणभराने हालचाल दिसते नि माणसाला वाटतं आपल्यालाच खेळता येत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं काय ते सांगते, पलीकडे कोण आहे? तुझ्या मैत्रिणी पीसीवर व्हॅलोरंट खेळतात. २०२४ मध्ये व्हॅलोरंट पीएस५ वर आलाय, हे तुझ्या नवऱ्याने तुला सांगितलंच असेल, "त्यावर पण आहे की" म्हणून. आहे, बरोबर आहे. पण कन्सोलवाले कन्सोलवाल्यांशी आणि पीसीवाले पीसीवाल्यांशी, एकत्र खेळता येत नाही, कारण माउसने नेम धरणाऱ्यासमोर कंट्रोलरवाला टिकणार नाही म्हणून कंपनीनेच ते वेगळं ठेवलंय. म्हणजे पीएस५ घेतलास तर गेम तुझ्याकडे असेल आणि त्या तिघी नसतील. आणि तू पत्रात गेमबद्दल फारसं लिहिलंच नाहीयेस, तू लिहिलंस की एकीचं बाळ आठ महिन्यांचं आहे नि ती म्यूटवर दूध पाजत खेळते, दुसरी बेंगळुरूला एकटी राहते, आणि हा एक तास सोडला तर तुम्ही चौघी बोलतच नाही. मग ते जायला नको, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

आता त्याची बाजू. तो खेळणार ते फुटबॉल, ईए स्पोर्ट्स एफसी, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला आपण फिफा म्हणायचो तेच, त्यात क्रॉसप्ले आहे. पीसीवरून पीएस५ वाल्या मित्रांबरोबर खेळता येतं. त्याला विचार की मित्र नक्की कुठला मोड खेळतात, आणि त्या मोडला क्रॉसप्ले चालतो का ते एकाने आधी बघून घ्या, पण सर्वसाधारणपणे त्याचे मित्र सुटत नाहीत. तुझ्या मैत्रिणी मात्र सुटतात. मला सगळ्यात जास्त वजनाचा मुद्दा हाच वाटतो. फ्रेम रेट, फोर-के, टेराफ्लॉप वगैरे त्याच्यानंतर.

एका बाबतीत त्याला आधी विचार, जीटीए ६ (ग्रँड थेफ्ट ऑटो या गाजलेल्या गेमचा नवा भाग) साठी पीएस५ हवाय का? बरेच लोक त्यासाठीच घेतायत. तो गेम पीएस५ आणि एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल) यांच्यासाठी जाहीर झालाय, पीसीची तारीख दिलेली नाही, आणि आधीचा भाग २०१३ ला कन्सोलवर आला नि पीसीवर २०१५ मध्ये. तारीख आत्तापर्यंत दोनदा पुढे गेलीय. म्हणजे त्याचं खरं मन तिथे असेल तर त्याला पीसी घेऊन थांबावं लागेल, नि हे आधी बोललं गेलं पाहिजे, गेम आल्यावर सगळे मित्र खेळताना त्याने तुझ्याकडे बघायला नको. सोनीच्या स्वतःच्या गेम्सचं पण तसंच, गॉड ऑफ वॉर २०१८ चा, पीसीवर २०२२ ला आला, घोस्ट ऑफ त्सुशिमा २०२० चा, पीसीवर २०२४ ला. येतात, पण उशिरा येतात, आणि काही येतच नाहीत, ब्लडबोर्न २०१५ चा आहे नि लोक अजून वाट बघतायत.

आता "कामाला पण येईल" बद्दल. हे मला जरा टोचलं, म्हणून थांबून लिहिते. तुला ऑफिसचा लॅपटॉप आहे, तूच लिहिलंयस, आणि ऑफिसचं काम तू घरच्या पीसीवर करणार पण नाहीस, तुमच्याकडे परवानगीच नसेल. मग हे कारण का द्यावं लागलं? नवरा म्हणाला "मला खेळायचंय, थकून येतो", ते चाललं. तू पण नोकरी करतेस, घरी आल्यावर कुकर पण तूच लावतेस, आणि तुला खेळायचं म्हटलं की कामाचं कारण जोडावं लागतं. अशी कितीतरी पत्रं येतात मला, गेमिंगबद्दलच असं नाही, भिशीला जायचं तरी "येताना भाजी आणते" असं सांगून निघणाऱ्या बायका आहेत. मी तुला दोष देत नाहीये. पण एक व्यवहाराची गोष्ट बघ, कामाच्या नावावर पीसी आणलास की उद्या रात्री साडेदहाला हेडफोन घातल्यावर तुला परत कॉलचंच सोंग करावं लागणार, मध्येच सासूबाईंनी हाक मारली की मॅच सोडून उठावं लागणार, कारण कॉल तर म्यूट करता येतो ना. मॅच सोडता येत नाही, चाळीसेक मिनिटं चालते आणि मध्ये उठलीस तर बाकी चौघांचं नुकसान होतं नि वर तुझ्या अकाउंटला पेनल्टी.

सांगून टाक त्यांना. मोठी चर्चा करायला बसू नकोस, चहा पिताना सांग, "आई, मी रात्री मैत्रिणींबरोबर गेम खेळते, साडेदहा ते साडेअकरा." एकदा स्क्रीन दाखव पण. माझ्या ओळखीत एका घरात असं सांगितलं तर सासूने विचारलं, "यात तू कुठली?" नि मग पंधरा मिनिटं शेजारी बसून "अगं मागे बघ, मागे" करत होती. तुझ्याकडे तसं होईल असं नाही, नाक मुरडतील पण कदाचित, पण लपवण्याचं ओझं तर जाईल.

साठ-चाळीसचं बोलू. बोनस त्याच्या नावावर आला म्हणून निर्णय साठ टक्के त्याचा, हे तुम्ही फ्रिज घेताना केलं होतं का? गॅसचा सिलिंडर, सोसायटीचा मेंटेनन्स, त्यात तुझे पैसे जातात तेव्हा कोणी टक्के काढत नाही. सोडून देऊ नकोस. पण त्याला हरवल्यासारखं पण वाटता कामा नये, आणि "आपण दोघंही खेळू" हे त्याचं वाक्य मला आवडलं, ते त्याने मनापासून म्हटलंय असं धरून चाल. इट टेक्स टू नावाचा गेम आहे, २०२१ चा, द गेम अवॉर्ड्सला त्या वर्षीचा गेम ऑफ द इयर, तो एकट्याने खेळताच येत नाही, दोघंच लागतात, आणि त्यातले नवरा-बायको बाहुल्या होऊन आपल्याच घरात अडकलेले असतात. स्क्रीन अर्धा अर्धा, दोन कंट्रोलर. तो पीसीवर पण आहे. शनिवारी रात्री साडेदहानंतर पीसी टीव्हीला लावा नि खेळा. त्यासाठी कॅबिनेट, म्हणजे पीसीचा डबा, फार मोठं घेऊ नका, आणि टीव्हीपर्यंत पोचेल अशी लांब एचडीएमआय केबल बजेटमध्ये धरा, किंवा बेडरूम नि हॉलच्या मधल्या भिंतीला लागून पीसी ठेवता येतो का ते बघा. वन बीएचकेमध्ये हे दहा-बारा फुटांचं काम असतं, टेप घेऊन मोजा आधी.

खर्चाचं दोन्हीकडचं खरं सांगते कारण दोन्हीकडचे लोक अर्धंच सांगतात. पीएस५ वाला म्हणतो पंचावन्न हजारात सुटलो. दुसरा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास, नवीन मोठा गेम पाच हजारांकडे जातो, ऑनलाइन खेळायला बहुतेक विकतच्या गेम्सना पीएस प्लसचं सबस्क्रिप्शन लागतं, त्याचे वर्षाला साधारण चार हजार धर. वर्षभरात सत्तर होतात. डिस्कवाला घेतला तर खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्रांत फिरवता येते, डिजिटल एडिशनमध्ये, म्हणजे डिस्क न लागणाऱ्या स्वस्त मॉडेलमध्ये, ते नाही, त्यामुळे सुरुवातीचे वाचलेले पैसे पुढे जातात. पीसीवाला म्हणतो ऑनलाइन फुकट, गेम सेलमध्ये स्वस्त, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतलेला नाही आवडला तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत, एपिक हे दुसरं दुकान तर नियमाने फुकट गेम देतं. सगळं खरं. पण तो मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस, खुर्ची यांचे पंचवीस हजार सांगायला विसरतो. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलली म्हणून, त्यामुळे वर्षभरापूर्वीचा कुठलाही यूट्यूब व्हिडिओ बघून बजेट ठरवू नकोस.

विजेचं लोक फार घाबरवतात. पीएस५ खेळताना साधारण दोनशे वॉट, रोज दोन तास धरले तर महिन्याला बारा युनिट. मधल्या दर्जाचा पीसी मॉनिटरसकट तीन-साडेतीनशे वॉट, वीस युनिट. त्याने घर बुडत नाही. बेडरूम मात्र मे महिन्यात तापते.

तुझं बजेट बघता एक वेगळा मार्ग सुचवते. व्हॅलोरंट हलका गेम आहे, त्याला लाखाचा पीसी लागतच नाही, ग्राफिक कार्ड नसलेल्या पण बरे इनबिल्ट ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर आरामात चालतो. जड काय असेल तर नवऱ्याचा फुटबॉल आणि ते दोघांनी खेळायचे गेम. म्हणजे ग्राफिक कार्ड हे खरं त्याच्यासाठी घेतलं जाणार आहे! हे त्याला असंच सांग, त्याचे पैसे त्याच्या गोष्टीत जातायत हे त्याला दिसू दे. कार्ड मधल्या दर्जाचं, आठ जीबीवालं पुरे, ४३ इंची टीव्हीवर १०८०पी मध्ये छान दिसतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा घे, तुझ्या गेममध्ये तो फरक डोळ्याला कळतो, फोर-के चा हट्ट नको.

घ्यायला लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत, शनिवारी सकाळी, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दोघं जा. तिथे काउंटरवरचा माणूस पॅडवर एकाखाली एक लिहीत जातो, प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कार्ड, कॅबिनेट, आणि शेवटी बजेट बसवायला हात जातो तो एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या पीसीला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायवर. "मॅडम, ये भी चलेगा, सेम है." सेम नसतं. तिथे हजार-पंधराशे वाचवायचे नाहीत, नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ लिहिलेला घ्यायचा, कारण तो बिघडला तर एकटा जात नाही, बोर्ड नि कार्ड घेऊन जातो. तीन दुकानांतून कोटेशन घ्या, भाव त्याच दिवसापुरते असतात ते लक्षात ठेवा, आणि प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर असलेलं पक्कं जीएसटी बिल. मी एकदा भाच्यासाठी बिलाशिवाय जुनं कार्ड घेतलं होतं, चार हजार वाचले म्हणून. सहा आठवड्यांत स्क्रीनवर हिरवे पट्टे आले आणि दुकानदाराने ओळखसुद्धा दाखवली नाही. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो, दहावीच्या सुट्टीभर त्याने वाट बघितली होती.

जुनी सोसायटी म्हणालीस म्हणून हे नक्की कर, पीसी यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून बेडरूमच्या सॉकेटला अर्थिंग आहे का बघून घे. आपल्याकडे जुन्या इमारतीत तीन भोकांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. मग कॅबिनेटला पाय लागला की झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात पीसीत करंट आहे. पीएस५ ची वायर दोन पिनची, त्यामुळे तिकडे हे कधी कळतच नाही. आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये एकदा कॅबिनेट उघडायचं. पुढची जाळी काढलीस ना की आतून करडा थर निघतो, नुसती धूळ नाही, दमटपणाने घट्ट झालेली, बोटाने सोलली तर कापडासारखी निघते. रंगाचा नवा ब्रश घ्यायचा, पंखा बोटाने धरून ठेवायचा नि हळू झाडायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ते कोणी करणार नसेल तर पीसी घेऊ नये असं माझं मत आहे. कन्सोलला एवढं करावं लागत नाही, तो फक्त टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबायचा नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, उत्तर सगळ्यांना हेच नाही. टीव्ही रिकामा असतो, मित्र पीएस५ वर आहेत, ऑन केलं की खेळायला मिळालं पाहिजे, ड्रायव्हर नि सेटिंग यात पडायचं नाही, घरात लहान मुलं आहेत जी शेजारी बसून खेळणार, तर कन्सोल घ्या, खुशाल घ्या. पीसी घेऊन रोज अर्धा तास अपडेट बघत बसणारी माणसं मी पाहिलीत. गेमिंग लॅपटॉप हवा असेल तर हॉस्टेलवाल्यांनी नि फिरतीवाल्यांनी घ्यावा, बाकीच्यांनी लक्षात ठेवावं की लॅपटॉपमधलं त्याच नावाचं कार्ड डेस्कटॉपएवढं चालत नाही. आणि ज्यांच्याकडे आत्ता पैसेच नाहीत त्यांनी आधी जुना लॅपटॉप उघडून साफ करून घ्या, थर्मल पेस्ट बदला, हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, हलके गेम पुष्कळ सुधारतात.

तू मात्र आधी तो सात दिवसांचा कागद कर. त्यानंतर त्याने जीटीए ६ म्हटलं आणि ठाम राहिला, तर माझ्याकडे आणखी एक वाट आहे, कार्डाशिवायचा साधा पीसी आत्ता, बसला तर तुझ्या चाळीसात, आणि पीएस५ तो गेम येईल तेव्हा त्याच्या साठात. मॉनिटर एकच घ्यायचा, दोन्हीला लागतो. एसएमपीएस तेवढा आत्ताच थोडा मोठा घ्या, साडेपाचशे-सहाशे वॉटचा, म्हणजे पुढे कार्ड टाकायचं ठरलं तर परत खर्च नको. कोटेशन हातात आलं की फोटो काढून मला पाठव, बाकी ओळी तुम्ही दोघं बघालच, एसएमपीएसची ओळ मी बघते.